दोन काड्या

सुरूच्या बनात गाडी लावली की एक काडी.
सड्यावर चढवली की तीन,
पण तिथं वारा टपाचा पत्रा रात्रभर वाजवतो
आणि उजाडता तिनाचं शून्य होतं.
का, ते कंपनीची बाई सांगत नाही.
ती म्हणते, एकदा बंद करून चालू करा.

बंद करून चालू केलं.
राउटर खिडकीत ठेवला, मग टपावर,
मग बांबूला बांधून टपाच्याही वर.
दुसऱ्या कंपनीचं सिम आणायला जामसंड्याला गेले.
बारा सीट काढून टेम्पोचं घर केलं तेव्हा
उन्हासाठी भिंतीत मीच भरलेली चंदेरी फॉइल
मीच एका बाजूनं उचकटली,
कुणीतरी म्हणालं, पत्र्याच्या डब्यात लहरी शिरत नाहीत.
तांबळडेगचा समुद्र पन्नास पावलांवर.
त्याच्या बिनतक्रार शिरत होत्या, उशीपर्यंत.

वहीत तक्ता केला: वेळ, जागा, वारा, काड्या.
भरती-ओहोटीलाही रकाना.
सोळा दिवसांत एवढंच कळलं
की मला तक्ते करायला आवडतात.

बुधवारी साडेचारला रेवण.
सोलापूर, चौथी ब.
रेवण अडखळतो. त्याला बोलायला मी शिकवत नाही,
ते त्याला येतं. मी थांबते.
आमच्या धंद्यातला पहिला नियम:
मुलाचं वाक्य आपण पुरं करायचं नाही.
भुवई हलवायची नाही, घड्याळ बघायचं नाही.

त्या बुधवारी तो म्हणाला, "माझं नाव रे—"
आणि पडद्यावर थिजला.
तोंड अर्धं उघडं, गळ्याची शीर ताणलेली.

हा अडखळा त्याचा की माझा?
"ऐकू येतंय का?" म्हणावं, आणि तो त्याचाच असला,
तर नऊ वर्षं सगळे जे म्हणत आले
तेच मीही म्हटलं असतं.
म्हणून थांबले. चेहरा मऊ ठेवून.
बाहेर एक कुत्रं खेकड्यामागं वाळू उपसत होतं.
पाठीमागं फ्रिज घरघरत होता.
चार मिनिटं मी एका फोटोकडं
अत्यंत आदरानं बघत बसले.

तासाभरानं आईचा मेसेज आला:
मॅडम, आज पूर्ण नाव बोलला. वडिलांचं, आडनाव, सगळं.
एका दमात.
तुम्ही हललाच नाहीत,
त्याला वाटलं चुकलं.

लवू कोयंडे आला तो जाळ्याची सुई
कानावर तशीच खोचून.
त्याच्या ट्रॉलरवर वायरलेस आहे,
वीस वर्षं तो त्याच्याशी भांडतोय.
राउटरकडं त्यानं दोन मिनिटं नुसतं बघितलं.
"फ्रिज सुरू झालो काय ह्येचो दिवो जाता. बघलंस कधी?"
नव्हतं बघितलं.
तक्त्यात फ्रिजला रकाना नव्हता.

बॅटरीपाशी उकिडवा बसून त्यानं पट्टी सोडवली.
तांब्यावर हिरवं पीठ धरलेलं.
"वायर बरी आसा. रोग सांध्यात.
खारो वारो कोणाक सोडता?"
पॉलिश पेपरनं घासलं, दातानं वायर सोलली,
वर ग्रीसचं बोट.
पैशाचं नाव काढलं तर रागावला,
चहा मात्र दोनदा घेतला,
आणि जाताना बांबूकडं बघून म्हणाला,
"ह्यो काढ. लोकांका वाटात गुढी."

पुढच्या बुधवारी दोन काड्या.
तिसरी आली नाही, येणारही नाही बहुतेक.
रेवण म्हणाला, "मॅडम, आज रे—"
आणि थांबला.

राउटरचा दिवा होता.
फ्रिज घरघरत होता, तरी होता.
सोलापुरात त्याच्या डोक्यावरचा पंखा
फिरत होता.

मी खुर्ची पुढं ओढली.
नाव माझ्या जिभेवर आलेलं, मागं लोटलं.
पंखा फिरत राहिला.
बऱ्याच वेळानं,
"—रेंज आहे का?"